बीपासून बीपर्यंत: प्राथमिक वर्गात वनस्पतीचं जीवनचक्र कसं शिकवावं

मूठभर मूग भिजवायचे, मोड आले की मुलांना दाखवायचे, फळ्यावर एक गोल काढून बी, रोप, फूल, फळ असे बाण जोडायचे आणि पुढच्या पाठाकडे वळायचं. शिकवायला लागले तेव्हाची माझी पहिली काही वर्षं अशीच गेली. मुलांचं चित्र छान पाठ व्हायचं. एकदा तिसरीच्या वर्गात मी सहज विचारलं, "आपण पेरलं ते बी आलं कुठून?" उत्तर आलं, "पुडीतून." "आणि त्याच्या आधी?" "मोठ्या पुडीतून." फळ्यावरचा गोल समोर दिसत होता, तरी कुणालाही झाड आठवलं नाही.

मुलांनी त्या गोलातले पहिले चारच दिवस प्रत्यक्ष पाहिले होते. उरलेलं सगळं त्यांच्यासाठी चित्र होतं. तेव्हापासून मी एक गोष्ट सोडत नाही: वर्गात निदान एक वनस्पती बीपासून बीपर्यंत न्यायची, आणि मुलांनी स्वतःच्या हाताने काढलेलं बी पुन्हा पेरायचं. याला अडीच-तीन महिने लागतात. रोज मात्र दहा मिनिटं पुरतात, आणि त्यातली पाच मिनिटं पाणी घालण्यात आणि वाढ मोजण्यात जातात. खालची मांडणी साधारण सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे.

सुरुवात दोन प्रश्नांनी

पहिल्या दिवशी माती किंवा कुंडी काहीच काढू नका. प्रत्येकाच्या तळहातावर एक कोरडं बी ठेवा आणि विचारा, "हे जिवंत आहे का?" बरीच मुलं ठामपणे नाही म्हणतात. ते हलत नाही, खात नाही, खड्यासारखं कडक आहे. काहींच्या मते पाणी घातलं की ते जिवंत होतं. लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. सगळी उत्तरं एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा.

दुसरा प्रश्न असा: "एवढ्याशा बीचं एवढं मोठं झाड होतं. मग ते सगळं लाकूड, ती पानं आली कशातून?" बहुतेकांचं उत्तर "मातीतून" असतं. मोठ्यांना विचारलं तरी अनेकदा हेच ऐकू येतं. तेही कागदावर लिहून ठेवा, त्याचा हिशोब पुढे होईल.

पहिल्या प्रश्नाचा निकाल प्रयोगानेच लावता येतो. वीस मूग मोजून घ्या. त्यातले दहा तुम्ही स्वतः दहा मिनिटं उकळून गार करा, उरलेले दहा तसेच ठेवा. दोन्ही गट रात्रभर भिजवून वेगवेगळ्या ओल्या कापडांत गुंडाळा आणि वर चिठ्ठ्या लावा. दोन दिवसांत न उकळलेल्या मुगांना मोड येतात. उकळलेले नुसते फुगलेले असतात, चौथ्या दिवशी त्यांना वास येऊ लागतो, तेव्हा ते फेकून द्या. आता विचारा, "दोघांनाही पाणी मिळालं, हवा मिळाली, ऊब मिळाली. मग फरक कशाने पडला?" थोडा वेळ शांतता असते, आणि मग कुणीतरी म्हणतं, "उकळलेले मेले." मेले म्हणजे आधी जिवंत होते. हे वाक्य मुलांच्या तोंडून येईपर्यंत थांबा. तुम्ही ते फळ्यावर आधीच लिहिलंत, तर प्रयोगातला जीव जातो.

बी किती काळ असं थांबू शकतं, हे सांगायला इथे दोन खऱ्या गोष्टी हाताशी ठेवा. मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात खजुराच्या जुन्या बिया मिळाल्या होत्या. त्यातली एक 2005 साली पेरली आणि ती रुजली. तिचं वय सुमारे 2000 वर्षं होतं. दुसरी गोष्ट विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाची. त्यांनी 1879 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बियांनी भरलेल्या 20 बाटल्या जमिनीत पुरल्या, ठरावीक वर्षांनी एकेक काढून बघायची म्हणून. 2021 साली काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया रुजल्या. प्रयोग सुरू करणारा माणूस केव्हाच गेला, बिया अजून थांबल्या आहेत. मुलं हे ऐकताना अगदी गप्प होतात.

कोणतं बी निवडायचं

उबदार हवेत मुगाला तोड नाही. तो दोन दिवसांत मोडावतो, तीन-पाच दिवसांत मातीबाहेर येतो, साधारण पाच-सहा आठवड्यांत पिवळी फुलं धरतो आणि दोन-अडीच महिन्यांत शेंगा वाळतात. त्याची फुलं बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांनी फळतात, त्यामुळे खिडकीत ठेवलेल्या कुंडीत मधमाशी आली नाही तरी शेंग धरते. वर्गासाठी ही फार मोठी सोय आहे. थंड हवेत मूग कुढतो. तिथे वाटाणा लावा, वेळ थोडा जास्त लागेल. विस्कॉन्सिन विद्यापीठात पॉल विल्यम्स यांनी मोहरीच्या कुळातल्या एका वनस्पतीची झटपट वाढणारी जात तयार केली. तिला 'फास्ट प्लांट्स' म्हणतात आणि तिचं बी ते बी हे चक्र 35 ते 40 दिवसांत पूर्ण होतं. ते बियाणं मिळत असेल तर उत्तमच, पण त्याच्यावाचून काही अडत नाही.

बी उघडून बघायला मात्र मूग फार लहान पडतो. त्यासाठी राजमा, पावटा असं टपोरं बी घ्या. फुटलेली किंवा सोललेली डाळ रुजत नाही, अख्खंच कडधान्य हवं. जुनं असेल तर आधी दहा बिया ओल्या कागदात ठेवून किती रुजतात ते बघा. दहापैकी सहा रुजल्या तर प्रत्येक खड्ड्यात दोन-दोन टाका. मोठ्या मुलांचा शेकडेवारीचा सरावही त्यात होऊन जातो.

काळजीच्या तीन गोष्टी आधीच सांगते. पाकिटातल्या शेतीच्या बियाण्याला अनेकदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग दिसला तर ते बी मुलांच्या हातात देऊ नका. कच्चा राजमा विषारी असतो, म्हणून वर्गातलं कोणतंच बी तोंडात घालायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि मुलांना "घरून बिया आणा" म्हणाल तेव्हा एरंड, धोतरा, गुंज, कण्हेर यांची नावं घेऊन ती नको असं स्पष्ट सांगा.

एक युक्ती मला फार उशिरा सुचली. सगळ्या कुंड्या एकाच दिवशी पेरू नका. दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन तुकड्या पेरा. पहिल्या तुकडीला कळ्या येतात तेव्हा दुसरीची पानं वाढत असतात आणि तिसरीचा देठ अजून कोवळा असतो. चक्राचे टप्पे शेजारीशेजारी उभे राहतात. सुट्टीत एखादी तुकडी वाळून गेली, तरी सगळं हातचं जात नाही.

बी उघडताना

राजम्याच्या बिया बारा तास भिजवा. दहा सुक्या बियांचं वजन आधी लिहून ठेवा, भिजल्यावर पुन्हा करा. ते जवळजवळ दुप्पट भरतं. प्रत्येकाला एक सुकं आणि एक भिजलेलं बी आणि दोघांत एक भिंग द्या.

आधी बाहेरून बघायचं. बीच्या आतल्या वळणावर एक फिकट डाग असतो. बी शेंगेला जिथे जोडलेलं होतं, त्याची ती खूण. मुलांना मी सांगते, "ही तिची बेंबी." त्यांना लगेच उमगतं की हे कुणालातरी जोडलेलं होतं, म्हणजे हिलाही आई आहे. त्या डागाजवळच सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. भिजलेलं बी चिमटीत हलकेच दाबलं की तिथून पाण्याचा बारीक थेंब बाहेर येतो. एकाला थेंब दिसला की वर्गभर प्रत्येकाला तो काढायचा असतो. काढू द्या.

मग नखाने टरफल सोलायचं. ते ओल्या कागदासारखं निघतं. आत दोन जाड पाकळ्या असतात. त्या शेंगेच्या सांध्यासारख्या सावकाश उघडायच्या, ओढायच्या नाहीत. एका पाकळीच्या कडेला चिकटलेलं असतं इवलंसं रोप: एका बाजूला टोकदार मुळाचं टोक, दुसऱ्या बाजूला एकमेकांवर दुमडलेली दोन पानं. भिंगातून त्या पानांवरच्या शिरासुद्धा दिसतात. इथे पाठ दहा मिनिटं थांबला तरी चालेल. पुढचे तीन महिने मुलांना ओढून नेणारं काही असेल, तर ते हे दुमडलेलं पान.

त्या जाड पाकळ्यांना पुस्तकात बीजपत्रं म्हणतात. मी आधी 'शिदोरी' म्हणते. प्रवासाला निघालेल्या रोपाला पानं फुटून स्वतःचं अन्न करता येईपर्यंत पुरेल एवढी शिदोरी आईने बांधून दिलेली असते. नंतर रोप वाढताना या पाकळ्या सुकून गळतात, तेव्हा मुलं आपणहून म्हणतात, "शिदोरी संपली." शब्द नंतर आला तरी चालतो, अर्थ आधी बसू दे.

बरणीतली मुळं

मातीत पेरलेल्या बीचं मूळ दिसत नाही, म्हणून कुंडीबरोबर काचेची बरणीही हवी. सरळ कडांची पारदर्शक बरणी घ्या. आतून टिपकागद किंवा जाड कागदी रुमालाचा वेढा लावा आणि मधली पोकळी चुरगळलेल्या कागदाने भरा, म्हणजे वेढा काचेला चिकटून राहील. काच आणि कागद यांच्या मध्ये, बरणीच्या मध्यावर चार-पाच बिया खोचा. एक उभी, एक आडवी, एक उलटी अशी मुद्दाम ठेवा. तळाशी बोटभर पाणी घाला. ते कागदातून वर चढतं, बियांना थेट टेकता कामा नये. पाण्यात बुडालेल्या बीला हवा मिळत नाही आणि ती कुजते. वर्गात बरण्या फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, कारण प्रत्येक मुलाला रोज पाणी घालायचं असतं. पाण्याची पाळी लावा आणि बरणीवर पेनाने पातळीची रेघ मारा.

राजम्याचं मूळ साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहेर पडतं. आठवड्याभरात त्याला फाटे फुटतात, देठ आकड्यासारखा वाकून वर येतो आणि दहा-बारा दिवसांत पानं उघडतात. गारव्यात आणखी वेळ लागेल. बी कशीही खोचलेली असो, मूळ खालीच वळतं आणि कोंब वरच. उलट्या बीचं मूळ वळसा घेऊन खाली आलेलं दिसलं की मुलं बरणीवर तुटून पडतात. मुळं दोन-तीन सेंटीमीटरची झाली की बरणीतलं सांडण्यासारखं पाणी ओतून काढा आणि बरणी आडवी ठेवा. दुसऱ्या दिवशी मुळांची टोकं पुन्हा जमिनीकडे वळलेली असतात. "खाली कुठे आहे हे मुळाला कसं कळलं?" हा प्रश्न विचारून सोडून द्या. गुरुत्वाकर्षण हा शब्द चौथी-पाचवीला सांगता येईल, त्याआधी नुसतं आश्चर्य पुरेसं आहे.

एक बरणी बंद कपाटात ठेवा. "उजेड नाही तर उगवणारच नाही" असं बहुतेकांना वाटतं. ती उगवते. रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते. पण आठवडाभराने ते रोप लांबुडकं, पिवळट आणि मलूल दिसतं. उजेडाची गरज कुठून सुरू होते, ते दोन बरण्या शेजारी ठेवल्या की कळतं. मात्र 'कुठल्याच बीला उजेड लागत नाही' असं वहीत लिहून देऊ नका. लेट्यूससारख्या काही बारीक बियांना रुजण्यासाठी उजेड हवा असतो.

कुंडी आणि कागदाच्या पट्ट्या

मुगाला वीतभर खोल, तळाला भोक असलेली कुंडी पुरते. निचरा होईल अशी भुसभुशीत माती भरा, बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर चार बिया पेरा आणि उगवल्यावर दोन सशक्त रोपं ठेवा. उरलेली उपटण्याऐवजी कात्रीने कापा, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का लागत नाही. दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन हवं. मातीत बोट खुपसून ती कोरडी लागली तरच पाणी घाला.

नोंदी ठेवायच्या तर लहान मुलांना मोजपट्टीचे आकडे कंटाळवाणे वाटतात. त्यांना दर तीन दिवसांनी रोपाशेजारी कागदाची पट्टी धरून रोपाच्या उंचीएवढी कापू द्या. पट्टीवर तारीख लिहून ती एका मोठ्या कागदावर क्रमाने उभी चिकटवायची. महिन्याभरात आलेख आपोआप तयार होतो आणि तो कसा वाचायचा हे शिकवावं लागत नाही. मोठी मुलं सेंटीमीटर मोजतील, पानं मोजतील आणि तीन तुकड्यांची तुलना करतील.

चित्र काढताना एकच नियम: दिसतं तेच काढायचं. मुगाची पहिली दोन पानं साधी, समोरासमोर असतात. नंतरचं प्रत्येक पान तीन पर्णिकांचं असतं. पाठांतरातलं झाड काढणाऱ्या मुलाच्या चित्रात हे येत नाही, निरखून काढणाऱ्याच्या चित्रात येतं.

वजन आलं कुठून

रोपं वाढत असताना भिंतीवरच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळा. व्हॅन हेलमाँट नावाच्या संशोधकाने विलोचं एक रोपटं मोजून घेतलेल्या मातीत लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर 1648 साली प्रसिद्ध झाला. सुमारे सव्वादोन किलोचं रोपटं पाच वर्षांत जवळजवळ 77 किलोचं झालं. सुमारे 90 किलो माती फक्त 57 ग्रॅमच्या आसपास घटली. आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना वजाबाकी करू द्या. झाड मातीतून वाढलं असतं, तर माती कितीतरी कमी व्हायला हवी होती.

हेलमाँटने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासूनच बनतं. तो अर्धाच बरोबर होता. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड पानांतून आत घेतं, मुळांनी आलेलं पाणी त्यात मिसळतं आणि उन्हाच्या जोरावर साखर बनवतं. लाकूड, पान, शेंग सगळं मुख्यतः त्यातून घडतं. मातीतून क्षार येतात. ते थोडेच असतात, पण त्यांच्यावाचून चालत नाही. "झाड बरंचसं हवेपासून बनलंय" हे वाक्य मुलांना खोटं वाटतं. वाटू द्या, त्यावर वाद घालू द्या. मोठा शास्त्रज्ञसुद्धा अर्धं चुकू शकतो, हे कळल्यावर वर्गात हात जास्त वर येतात.

फुलापाशी थांबा

बहुतेक वर्गांत फूल म्हणजे 'सुंदर, सुवासिक' एवढंच राहतं. चक्रातला सांधा नेमका इथेच आहे, म्हणून माझे सगळ्यात जास्त तास इथे जातात.

उघडून बघायला जास्वंद चांगली, भेंडीचं फूल मिळालं तर आणखी चांगलं. रचना सारखीच, आणि भेंडीला फळही धरतं. बागेतल्या जास्वंदीला बहुधा धरत नाही. सूर्यफूल, झेंडू घेऊ नका. ते एक फूल नसून अनेक बारीक फुलांचा झुबका असतो, सुरुवातीलाच त्यामुळे गोंधळ उडतो. बाहेरची हिरवी दलं, मग पाकळ्या, मग मधला दांडा असं क्रमाने सुटं करून कागदावर चिकटवायचं. दांड्यावरच्या पिवळ्या ठिपक्यांना बोट लावलं की बोटाला पिवळी पूड लागते: हे परागकण. दांड्याच्या टोकाची मखमली बोंडं म्हणजे कुक्षी, पराग तिथे येऊन चिकटतात. शेवटी फुलाच्या बुडाचा फुगीर भाग तुम्ही ब्लेडने उभा कापा. आत पांढरे ठिपके दिसतील. ही बीजांडं. विचारा, "हे काय होणार असतील?" कुणीतरी "बिया!" ओरडतंच.

पराग पोचले नाहीत तर काय होतं, हे भोपळा किंवा काकडीच्या वेलावर छान दिसतं. त्यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात आणि मादी फुलाच्या मागे चिमुकलं फळ आधीपासूनच असतं. दोन मादी कळ्या उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कागदी पिशवीने झाका. सकाळी एकीची पिशवी काढून नर फुलाचे पराग मऊ कुंचल्याने तिच्या कुक्षीवर लावा आणि पुन्हा झाका. दुसरी तशीच राहू द्या. काही दिवसांत पराग न मिळालेलं फळ पिवळं पडून गळतं, दुसरं वाढू लागतं. एखाद्या वेळी दोन्ही गळतात, म्हणून तीन-चार जोड्या करा.

कुंचला हातात देताना मी मुलांना एडमंड आल्बियसची गोष्ट सांगते. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर व्हॅनिलाचे वेल नेऊन लावले होते. ते फुलायचे, पण शेंगा धरायच्या नाहीत, कारण मूळ प्रदेशात पराग वाहणारे कीटक तिथे नव्हते. 1841 साली गुलामगिरीत राहणाऱ्या बारा वर्षांच्या एडमंडने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबण्याची रीत शोधली. व्हॅनिलाच्या मळ्यांत आजही हाताने परागीभवन करतात. आपल्याच वयाच्या मुलाने फुलात डोकावून हे शोधलं, हे कळल्यावर कुंचला धरणारे हात जपून चालतात.

शेंग वाचायला शिकवा

मुगाचं फूल गळलं की पाकळ्यांच्या जागी हिरवी काडी डोकावते. त्या दिवसापासून रोज बघायचं. फुलाचीच शेंग झाली, हे मुलांना सलग पाहूनच पटतं.

याच वेळी प्रत्येकाला वाटाण्याची एक ताजी शेंग द्या. देठाकडे हिरव्या दलांची टोपी अजून असते, दुसऱ्या टोकाला सुकलेला दोरा असतो. फुलातल्या कुक्षीकडे जाणारी नळी ती हीच. शेंग उघडली की प्रत्येक दाणा एका कडेला बारीक देठाने जोडलेला दिसतो. राजम्यावरची 'बेंबी' आठवते का, विचारा. टोकाकडे एक-दोन दाणे अगदी टाचणीच्या डोक्याएवढे राहिलेले असतात. त्या बीजांडांना पराग तरी पोचला नाही किंवा पुढे पोषण तरी मिळालं नाही. एका शेंगेत फूल, परागीभवन आणि बी यांचा सगळा इतिहास लिहिलेला असतो, तो बोट ठेवून वाचता येतो.

बियांचा प्रसार हा भाग मी एका तासात आटोपते. जुने लोकरी मोजे बुटांवर चढवून गवतातून चालायचं आणि चिकटलेलं काय ते मोजायचं. जॉर्ज दे मेस्त्राल यांनी 1941 साली कुत्र्याच्या केसांत अडकलेली कुसळं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि त्यातून पुढे वेल्क्रो आलं, हे मुलांच्या बुटांवरची पट्टी दाखवून सांगता येतं.

फळ्यावरचा गोल आणि मरणारं झाड

शेंगा काळपट होऊन वाळल्या की मुगाचं रोपही पिवळं पडू लागतं. मुलं घाबरतात, जास्त पाणी घालतात. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत कुंडीपाशी बसायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाई, माझं काही चुकलं का?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी तिच्या हातात वाळलेली शेंग दिली आणि ती तिने स्वतः फोडली. आत अकरा दाणे होते. मूग एकाच हंगामाचं रोप आहे, बी तयार झालं की त्याचं आयुष्य संपतं. आंब्यासारखी झाडं अनेक वर्षं फळत राहतात. हा फरक अशा वेळी सांगितला की नीट पोचतो.

इथेच पुस्तकातल्या गोलाची अडचण कळते. बाण फिरून पुन्हा त्याच बीपाशी येतो, जणू तेच बी परत आलं. प्रत्यक्षात पेरलेलं बी राहत नाही आणि एकाची पन्नास होतात. मी मुलांना गोलाऐवजी पंखा काढायला सांगते: एका बीपासून रोप, रोपाच्या शेंगा, शेंगांतून सुटणाऱ्या अनेक रेषा. कुंडीतल्या मुगाला फार शेंगा येत नाहीत, पण चार-पाच आल्या तरी चाळीस-पन्नास दाणे होतात. ते सगळे पेरले आणि प्रत्येकाला पुन्हा पन्नास आले तर 2,500. पुढच्या वेळी 1,25,000. "मग सगळी पृथ्वी मुगाने का भरली नाही?" उत्तरं मुलंच देतात: पक्षी खातात, पाणी मिळत नाही, सावलीत मरतात, कुजतात, आपण खातो. या अर्ध्या तासात ती पर्यावरणाच्या धड्यात शिरलेली असतात.

चौथी-पाचवीला एवढंही सांगा की प्रत्येक वनस्पती बीवाटेच जात नाही. बटाट्याचा डोळा लावून नवं रोप येतं. नेच्याला फूल किंवा बी नसतंच, त्याच्या पानामागच्या तपकिरी ठिपक्यांत बीजाणू असतात. पहिली-दुसरीला हे नको, तिथे एकच गोष्ट पक्की होऊ द्या.

मुलांना कळलं का, हे कसं बघायचं

गोल काढून नावं द्यायला सांगितलं तर पाठांतर तपासलं जातं. त्याऐवजी टेबलावर सुकं बी, मोड आलेलं बी, कळी, कोवळी शेंग, वाळलेली शेंग आणि रिकामं टरफल मांडा. एक वस्तू उचलायची आणि दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची: याच्या आधी हे काय होतं? यानंतर याचं काय होईल? रिकामं टरफल उचलणाऱ्या मुलाकडून सगळ्यात चांगली उत्तरं येतात, कारण त्याला पुढचं बी शोधावं लागतं. भिंतीवरचा पहिल्या दिवसाचा कागदही काढा. आपलं कोणतं उत्तर आता बदलायचं आहे, ते प्रत्येकाने स्वतःच्या हाताने त्यावर वेगळ्या रंगात लिहायचं.

मग मुलांनी सोललेले दाणे सावलीत आठवडाभर वाळवा आणि कागदी पाकिटांत भरा. पाकिटावर मुलाचं नाव, पेरल्याची तारीख, दाणे काढल्याची तारीख आणि मिळालेल्या दाण्यांची संख्या. निम्मे दाणे पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी ठेवा, म्हणजे त्यांना "हे बी कुठून आलं?" असं विचारलं तर पाकिटावरचं नाव वाचता येईल. उरलेले त्याच दिवशी त्याच कुंडीत, ताजी माती घालून, बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर पेरायचे.